दहा पॉईंट दोन

लातूरच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक परिचर आहेत. त्यांच्यापुढे मी रोज हात टेकतो. मी टायट्रेशन शिकवत असतो, आम्लात अल्कली थेंब थेंब सोडा, गुलाबी रंग टिकला की थांबा, आणि मागे हे ब्युरेटची नळी पुसत मुलांना सांगतात, "दहा पॉईंट दोन येतंय. लिहून टाका, कशाला वेळ घालवायलात?" मी चिडलो की म्हणतात, "हाव सर, चुकलं," आणि पुढच्या टेबलावर जाऊन तेच. आम्ल हेच तयार करतात, म्हणून आकडा त्यांना आधीच ठाऊक असतो.

यंदा प्रात्यक्षिक परीक्षेतही त्यांनी आकडा वाटला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सगळ्यांनी तोच लिहिला. मुरुडच्या एका मुलीचं मात्र बारा पॉईंट चार आलं. बाहेरचे परीक्षक तिच्यावर खेकसले. ती रडकुंडीला आली. मी हजेरीपट चाळत राहिलो.

तेव्हा आमचे हे परिचर पुढे आले. तिच्याच बाटलीतलं आम्ल घेऊन त्यांनी स्वतः टायट्रेशन केलं आणि चष्मा कपाळावर सारून आकडा वाचला.

"लेकरू बरोबर हाय, साहेब. आज सगळ्यांच्याच आम्लात पाणी मीच कमी घातलं. बाकीच्यांनी माझं ऐकून लिहिलंय."

सगळ्यांना प्रयोग पुन्हा करावा लागला. परीक्षकांनी यांच्याकडे लेखी खुलासा मागितला. तो लिहून घ्यायला हे माझ्याकडेच आले. पहिल्याच ओळीला त्यांनी मला अडवलं.

"'नजरचुकीने' नका लिहू, सर. आकडा मी जाणूनच सांगितला."

मी तो शब्द खोडला आणि त्यांच्या सहीखाली माझीही सही केली.