पुढे धावणारा उंचवटा

आमच्या राजाजीनगरच्या घरात कोरी वही क्वचितच विकत आणली जायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, कामगारांसाठी पत्रकं काढायचे. उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर आम्ही भावंडांनी पाढे गिरवले. अक्का, माझी थोरली बहीण, अजूनही तिथेच गणितं मांडते. पुढून 'किमान वेतन हा हक्क आहे', मागून तिची समीकरणं.

तिचा प्रबंध लेसरच्या तीव्र स्पंदावर आहे. स्पंद म्हणजे प्रकाशाचा निमिषाहूनही छोटा ठोका. तो काचेत शिरला की काचेला बदलतो आणि बदललेली काच त्याला बदलते. हे सगळं संगणकावर गणिताने उभं करायचं, हे अक्काचं काम.

यंदा तिच्या आलेखात स्पंदाच्या पुढे एक छोटा उंचवटा दिसला. मुख्य ठोक्याच्याही पुढे धावणारा प्रकाश! प्रबंध यावरच उभा राहील, असं तिचे सर म्हणाले. अण्णांनी शेजारीपाजारी म्हैसूरपाक वाटला.

रविवारी सकाळी चहा पिताना तिने एकदम कप खाली ठेवला. जवळचं पत्रक उचलून तिने नळीसारखं गुंडाळलं, दोन्ही कडा जुळवल्या.

"संगणकाला माझा आलेख असा दिसतो. ही कड संपली की लगेच ती सुरू. मागे पडलेला प्रकाश इथून बाहेर जाऊन पुढून आत आला असेल तर?"

"मग कागद रुंद घे," मी म्हणालो.

"तेच लावते संगणकावर. स्वल्प थांब, थोडा वेळ लागेल."

दुपारी उत्तर आलं. दुप्पट रुंद आलेखात पुढे काहीच नव्हतं. तो प्रकाश पार मागे रेंगाळत होता; उंचवटा खोटा होता. अक्काचा चेहरा उतरला.

अण्णा हळूच म्हणाले, "राहू दे की गं जुनाच आलेख. कोण बघायला येतंय?"

एका चुकीच्या आकड्यापायी छापलेला गठ्ठा रद्दीत घालणारा हा माणूस! मी भडकलो. "अण्णा, तुम्ही बोलताय हे?"

"लेकीचा घाम आहे रे तो."

अक्का ओल्या डोळ्यांनी हसली. "तुमच्या पत्रकात चाललं असतं?"

तिने सरांना फोन लावून सगळं सांगितलं. सर पलीकडून म्हणाले, "उद्या ये. नव्याने बघू." फोन ठेवल्यावर मात्र ती रडली.

अण्णांनी ते गुंडाळलेलं पत्रक मांडीवर ठेवून तळव्याने सपाट केलं, कोरी बाजू वर केली आणि तिच्या हातात पेन दिलं.

"लिही, चूक कशी सापडली ते. पहिलं वाक्य साधं ठेव. प्रूफ मी बघतो."