हेतरामकाकांचा बर्फ

आमच्या राइस मिलच्या मागे धानाच्या भुशाचा ढीग असतो, दुमजली घराएवढा. एखादा मजूर त्याच्यावर चढू लागला की हेतरामकाका फाटकावरची खुर्ची सोडून धावत यायचे. "थांब. पह्यले आयकू दे." मग ढिगात काठी खुपसून, मान तिरकी करून ते काहीतरी ऐकायचे आणि "जा" किंवा "नोको जाऊ" म्हणायचे. भुसा काय बोलतो, ते आम्हाला कोणालाच ऐकू यायचं नाही. मजूर हसायचे. मी शेजारच्या वजनकाट्यावर नोंदी करायला बसते. हसावं की घाबरावं, हे मला कळायचं नाही.

काका आमगावजवळच्या खेड्यातले, पोवारांच्या घरचे. फौजेत हवालदार होते आणि नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी उत्तरेच्या पहाडांत, बर्फात काढली होती. गावी परतल्यावर मिलचे चौकीदार झाले. दुपारी ट्रक नसले की माझ्याजवळ येऊन बसत आणि बर्फाचं बोलत. फौजेतल्या हिंदीमुळे बर्फ त्यांच्या तोंडी नेहमी बाईमाणूस असायचा.

"बरफ एकच नसते, पोरी. पडते तवा सहा हाताची, फुलाच्या पाकरीसारखी, अना पोटात नुसती हवा. वाऱ्यानं हात मोडले का गोल दाना. थंडी कडक असली का मिठासारखी कोरडी, लाडू वळाले गेलं त वळत नाही. पाय ठेवला का करकर वाजते."

मी पाहिलेला बर्फ म्हणजे फ्रीजमध्ये साचलेला आणि गारपिटीत धान लोळवणारा. काकांचं ऐकून माझा गोंधळ वाढतच जायचा. एक दिवस ते सांगत, बर्फाने सोबत्याची बोटं गेली. दुसऱ्या दिवशी सांगत, वादळात बर्फातच खड्डा करून बसलो म्हणून जगलो, आत ऊब असते.

"मग बर्फ थंड की गरम, काका?"

"दोनी," ते म्हणाले. "मलेच पुरतं समजून नाही राहिलं, तुले काय सांगू."

धानाचा हंगाम जोरात असताना एका दुपारी केशोरीकडच्या कौतिकाबाई काकांना विचारत मिलवर आल्या. त्यांचा मुलगा दिनेश काकांच्याच तुकडीत होता. काही वर्षांपूर्वी तो बर्फाखाली दबून गेला. तेव्हा काका त्यांच्या घरी जाऊन आले होते, पण उंबऱ्याशी नुसते उभे राहिले आणि काही न बोलता परतले होते.

कौतिकाबाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "भाऊ, सगळे म्हनतात बरफात दबला. बरफ त हातावर घेतला का पानी होते. मंग त्यानं हातानं सारला काऊन नाही?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठून मिलमधून सूप आणलं. तळाला चहाच्या डब्यातली साखर पसरली. त्यावर ओला कोंडा थापून हाताने दाबून सपाट केला.

"हे खालची बरफ, माय. जमीन आतून जरा गरम, वरून थंडी. त्यानं खालच्या बरफेची अशी साखर होते. दाना दान्याले धरत नाही. वरची मातर पक्की, लादीवानी. मानसाले वाटते, जमीन होय."

त्यांनी सूप तिरपं केलं. कोंड्याची लादी अखंड सुटली आणि सर्रकन खाली आली.

"हे झालं सरकनं. अना थांबली का जमते. रगडून रगडून दाने एकमेकाले धरतात, सिमेंटवानी. मंग बोट बी हालत नाही."

कौतिकाबाई सांडलेल्या कोंड्याकडे बघत राहिल्या. "म्हंजे दाने धरून नव्हते म्हनून सरकले, अना मंग धरलं म्हनून तो निंगला नाही?"

"हो."

"मंग धराचंच होतं त आधीच काऊन नाही धरलं?"

काकांनी सूप खाली ठेवलं. मग खाली बघत म्हणाले, "माय, त्या दिवशी आमी एकेक करून उतार पार करत होतो. मी पह्यला गेलो. पायाखाली धप्प असा आवाज आला. मले वाटलं, दूर कोठं तोफ झाली; खालची साखर बसल्याचा आवाज होय, हे मंग समजलं. मी पार झालो. हात केला, ये म्हनलं. तो मधात आला अना सगळा उतार सुटला. तो बारीक पोरगा, मी वजनी मानूस. मले कसं धरलं बरफेनं?"

बाई रागावतील, रडतील असं मला वाटलं. त्यांनी सूप पुढे सरकवलं. "पुन्हा करून दाखवा."

काकांनी पुन्हा साखर पसरली, कोंडा थापला, सूप तिरपं केलं. लादी हलली नाही. आणखी तिरपं केलं, तरी नाही. त्यांनी तिसऱ्यांदा तसंच केलं, तेव्हा ती सूप नीट उचलण्याआधीच घसरली.

"तुमाले बी नाही मालूम त," बाई म्हणाल्या.

"नाही मालूम, माय."

"बरं झालं. मले वाटे, सगळ्याईले मालूम हाय, अना मलेच कोनी सांगून नाही राहिलं."

मग त्यांनी पाणी मागितलं. काका त्यांना एसटीत बसवून आले. त्यानंतर ते दरवर्षी धान कापणीला सुटी काढून केशोरीकडे जाऊ लागले. तिथे काय बोलतात, असं मी एकदा विचारलं. "काही नाही. बांधावर बसतो," म्हणाले.

गेल्या पावसाळ्यात काका छातीच्या दुखण्याने गेले. कौतिकाबाई त्यांच्या घरी आल्या आणि आम्हा बायकांमध्ये येऊन बसल्या. काकांच्या सुनेने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "तुमचे कोन लागत होते?"

कौतिकाबाईंनी दाराकडे पाहिलं.

"माह्या पोराच्या पुढं चालत होते," त्या म्हणाल्या.