मागचा डावा दरवाजा

सुरुवातीलाच सांगतो, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. पोलादपूरला हायवेला लागून माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. वरंध घाटात दरीत गेलेल्या गाड्या माझ्याकडे येतात. ज्या गाडीत माणूस गेला, तिच्यात बसून मी डबा खाल्लाय. कुणी "गाडी झपाटलीय" म्हणालं की मी त्याला आधी ब्रेक ऑइल बघायला सांगतो.

तरी हे लिहितोय... कारण गेल्या उन्हाळ्यातली ती सकाळ डोक्यातून जात नाही.

गाडी आमच्या वरच्या वाडीतल्या वसंतकाकांची. मुंबईची जुनी टॅक्सी. काकांनी सगळी हयात तीच चालवली आणि काम सोडल्यावर रंग बदलून घरी आणली. काकींना शब्द दिला होता – आता तुला सवला नेतो, महाडजवळच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर, आपल्या गाडीतून. काकींचे गुडघे तेव्हापासूनचे दुखरे. पण काकाच आजारी पडले. मग रोज संध्याकाळी अंगणातल्या गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहायचे. गेले तेही तिथेच, बसल्या जागी.

गाडी अंगणातच गंजत राहिली. मुलगा दिनेश मुंबईला नोकरीला. काकींना हृदयाचं दुखणं, वाडीत डॉक्टर नाही, तेव्हा त्यांना एकटं ठेवणं धोक्याचंच होतं. पण त्या हलायला तयार नव्हत्या. "त्यांना हितं टाकून मी कशी येऊ रे?" एवढंच म्हणायच्या. शेवटी दिनेशने विचारलं, सवला नेऊन आणलं तर येशील? तेव्हा म्हणाल्या, "त्यांच्या गाडीतनं नेशील तर बघू." म्हणून गाडी टेम्पोवर चढवून माझ्याकडे आली.

इंजिन दुसऱ्याने केलं. माझ्याकडे पत्रा आणि दरवाजे. चारही दरवाजे लोंबत होते. बिजागऱ्यांच्या पिना झिजलेल्या, दरवाजाखालची पट्टी गंजून चाळण झालेली. असा दरवाजा आधी जरा उचलायचा आणि मग ढकलायचा, तरच लागतो. मी पिना बदलल्या, नवी पट्टी जोडली. तीन दरवाजे एका बोटाने लागायला लागले. मागचा डावा मात्र काही केल्या ऐकेना! गाडी स्टँडवर असली की दरवाजाभोवतीची गॅप एकसारखी, चाकांवर उतरवली की दरवाजा पुन्हा खाली.

म्हणजे बॉडी कुठेतरी पीळ खात होती. मी सपाटी बघायची गवंड्यांची पाणसळ आणून डॅशबोर्डवर आडवी ठेवली. तिच्यातला बुडबुडा डावीकडे, म्हणजे उंच बाजूला पळाला. गाडी उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला दबलेली. स्प्रिंगा बदलल्या, टायरची हवा बघितली, गाडी हलवून दुसऱ्या जागी उभी केली – तेच. आत कुणी नसताना ड्रायव्हर बसल्यासारखी कललेली. मला भीती वगैरे काही वाटली नाही, चीड आली. आपल्या हातून दरवाजा बसत नाही म्हणजे काय!

दिनेश रजा घेऊन वाडीत आला होता, त्याला फोन करून सांगितलं, अजून थोडे दिवस लागतील. तो म्हणाला, "दादा, आईची तब्येत बरी नाय. जसा हाय तसा राहू दे, दोरीने बांधू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काकींना रिक्षाने घेऊन आला. काकी मागे डावीकडे बसल्या. तीच त्यांची जागा. तू माझी पॅसेंजर, मागे बस, असं काका म्हणायचे म्हणे. दिनेशने दरवाजा ढकलला, लागेना. मी उचलून ढकलला, तरी नाही. दोरी आणायला वळलो तेवढ्यात काकी म्हणाल्या, "हात नको लावू कोनी. ते सोता लावायचे. उतरून, फिरून यायचे. पॅसेंजर दरवाजे आपटतात, म्हनून मलापन कधी लावू दिला नाय."

आणि पुढच्या, ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे बघून अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अवो, बसले मी. लावा."

पाणसळ डॅशबोर्डवरच राहिली होती. गाडीची उजवी बाजू वर आली. वजन उतरलं की स्प्रिंग जशी कुरकुरते, तशी कुरकुरली. बुडबुडा मधोमध आला. आम्ही दोघं डाव्या बाजूला उभे होतो, गाडीला कुणाचाही हात लागलेला नव्हता. मग... दरवाजा आधी किंचित वर उचलला गेला. मग हळूच सरकला. खट्... लागला. आणि जरा वेळाने गाडी पुन्हा उजवीकडे बसली.

दिनेश ढसाढसा रडायला लागला. काकी तेवढ्या शांत होत्या. त्याला म्हणाल्या, "चल रे. त्यांना जरा सरकू दे, मग बस."

ते गेल्यावर मी दिवसभर कामाला हात लावला नाही. दुपारी उशिरा गाडी महाडकडून परत आली. काकींनी दरवाजा स्वतः उघडला, उतरल्या आणि स्वतःच लावला. एका बोटाने लागला. दिनेश उतरल्यावर मी वाकून आत बघितलं. बुडबुडा मधोमध होता.

"उतरले ते," काकी म्हणाल्या. "पान्यात पाय सोडून बसलो दोघं. मग मीच म्हटलं, आता तुमी रावा, मी पोराकडं जाते." पदराने डोळे पुसले आणि दिनेशला म्हणाल्या, "चल, कपडे भरायला घेऊ."

त्या आता मुंबईला असतात. बऱ्या आहेत.

ओळखीच्या लोकांनी मला बरंच समजावलं. नव्या स्प्रिंगा बसायला वेळ लागतो, उन्हात पत्रा फुगतो... गिऱ्हाइकाला मीसुद्धा हेच सांगितलं असतं. पण पत्रा फुगला म्हणून दरवाजा स्वतःला उचलून घेत नाही.

गाडी त्यांनी मुंबईला नेली नाही, ती माझ्याच शेडमध्ये असते. पाणसळ मी अजून काढलेली नाही. सकाळी शटर उघडलं की आधी तिकडे बघतो. बुडबुडा रोज मधोमध असतो. कारागिराला याचा आनंद व्हायला हवा. मला मात्र वाईट वाटतं... गाडीत आता कुणी नाही.