चार जणांचा वर्ग, दोन डिग्र्या

आमच्या वर्गात विद्यार्थी चार, पण किस्से चाळीस जणांच्या वर्गाला पुरून उरतील एवढे. कारण सोपं आहे. बाकीची पोरं एका शाखेत चुकतात, आम्ही दोन शाखांत चुकायचो! आम्ही भेटलो की एक जण सुरू करतो, दुसरा "थांब, त्याच्या आधीचं सांग" म्हणतो, आणि चहा थंड होतो.

तर आधीचं सांगते. बी.ए. आणि बी.एस्सी. एकदमच. सकाळी प्रयोगशाळा, दुपारी मराठी आणि समाजशास्त्र. कॉलेजचं नाव सांगत नाही, प्राचार्य अजून तिथेच आहेत! कोर्स नवा होता, चाचणीवर होता. पहिल्याच दिवशी प्राचार्यांनी आम्हाला उभं करून सांगितलं, "विद्यापीठाची समिती येईल तेव्हा चौघंही समोर बसलेले दिसले पाहिजेत. तिघं दिसले तर कोर्स बंद. मग दोनपैकी एक डिग्री ठेवायची, एक सोडायची."

आम्ही चौघं म्हणजे एक मी, नाव स्नेहल, मारेगावजवळच्या खेड्यातली. शीतल झरी जामणीकडच्या कोलाम पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची. अंकुश पुसदकडच्या तांड्यावरचा. आणि पूनम, कॉलेजच्या गावातलीच, वायरमनची पोरगी.

एक जण गळला तर चौघांची एकेक डिग्री जाणार. त्यामुळे आम्ही एकमेकांचा ताप, सर्दी आणि बसचा टाइम तोंडपाठ ठेवला होता!

*

ऑफिसात दोन बाबू होते, एक सायन्सचे, एक आर्ट्सचे. खिडकीजवळची खुर्ची कोणाची, यावरून दोघांचं बोलणं बंद होतं, आमच्या जन्माच्याही आधीपासून असावं. बसायचे मात्र एकाच टेबलाला.

पूनमला बोनाफाईड पाहिजे होतं. सायन्सचे बाबू म्हणाले, "तुही फाईल तिकडं हाय." आर्ट्सचे म्हणाले, "इकडं नाही, तिकडं इचार." तिकडं म्हणजे किती? दीड हात!

सहा चकरा झाल्या. सातव्यांदा पूनमनं एक खुर्ची ओढली, टेबलाच्या मधोमध ठेवली आणि बसली. "आता दोघंही मलेच सांगा."

दोघं एका आवाजात ओरडले, "बाहेर हो!"

पूनम उठून म्हणाली, "पाहा, झालं नं सुरू बोलणं!"

*

अंकुशचा किस्सा कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे. बॉटनीच्या जर्नलमध्ये त्यानं कपाशीच्या फुलाची आकृती काढली. फूल पहिल्या दिवशी पांढुरकं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. खाली यानं लिहिलं, "एका रात्रीत ते लाजले."

गावंडे मॅडमनी लाल पेनानं लिहिलं, "फूल लाजत नाही. पुन्हा लिही."

बिचाऱ्यानं धसका घेतला. त्याच आठवड्यात मराठीचा पेपर होता. कवितेचं रसग्रहण करा. अंकुशनं मथळे पाडले: साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. शेवटी लिहिलं, "निष्कर्ष: कवी दुःखी आहे."

सरांनी त्याला वर्गात उभं केलं. "काय बे, निरीक्षण किती वेळा घेतलं?"

"तीन वेळा, सर. दर वेळी दुःखीच निघाला!"

सरांनी पैकीच्या पैकी मार्क दिले. म्हणाले, "मी तीस वर्षं शिकवून राह्यलो, एवढं स्वच्छ कोणीच सांगितलं नाही."

*

आता आमच्या घरचं. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ. घरात शब्द त्यांचा. माझं आणि त्यांचं कधी पटलं नाही, कारण त्यांना वाटतं प्रत्येक गोष्ट त्यांना विचारून व्हावी आणि मला वाटतं एकही होऊ नये. दोन डिग्र्या हे प्रकरण त्यांना पटलेलंच नव्हतं. "एक शीक, नीट शीक. इकडंही पाय, तिकडंही पाय, हे कायचं शिक्षण?"

नात्यातल्या एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारच्या काकाजींनी विचारलं, "पोरगी काय शिकते?"

मोठेबाबा बुंदीकडे बघत म्हणाले, "दोन शिकून राह्यली."

"दोन? मंग पयल्यात नापास झाली का?"

सगळी पंगत हसली. मला राग आवरला नाही. मी म्हटलं, "काकाजी, तुमच्या ताटात भाजीही हाय अन् बुंदीही हाय. भाजी नापास झाली म्हणून बुंदी वाढली का?"

काकाजींनी मठ्ठ्याचा गिलास तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. घरी येताना आई म्हणाली, "मोठ्यांसमोर असं बोलतेत का?" मी म्हटलं, "मोठ्यांनी असं इचारू नये." मोठेबाबा गाडी चालवत होते. त्यांनी गाडीचा वेग तेवढा वाढवला.

*

ती सालं बोंडअळीची. आमचा प्रोजेक्ट त्यावरच होता, आणि तो अर्धा सायन्सचा, अर्धा आर्ट्सचा. शेतात सापळे लावायचे, अडकलेले पतंग दर आठवड्याला मोजायचे आणि त्याच शेतकऱ्याच्या घरी बसून बावीस प्रश्नांचा फॉर्म भरायचा.

शीतलच्या पोडावर गेलो. आधी येऊन गेलेल्या साहेबांना तिथल्या लोकांनी म्हणे "सगळं बराबर हाय" एवढंच सांगितलं होतं. शीतलनं कोलामीत दोन शब्द टाकले आणि लोक दोन तास बोलले! कोणत्या दिवशी फवारलं, कोणाला चक्कर आली, कोणतं बोंड आतून काळं निघालं, सगळं. आम्हा तिघांची पेनं पुरली नाहीत.

शेवटी शीतलच्या आजीनं आमच्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. शीतल भाषांतर करेना. गावंडे मॅडम म्हणाल्या, "सांग, सांग. जे म्हणाल्या तेच सांग."

"आजी म्हणते, मागच्या साली पण मोजाले आलते. मोजून झालं की तुम्ही जाता कुठं?"

मॅडमनी तिथेच बसून फॉर्मवर तेविसावा प्रश्न हातानं लिहिला: "आम्ही परत कधी यावं?" तो पुढच्या सगळ्या फॉर्मवर छापला गेला. आमच्या शीतलच्या आजीचा प्रश्न!

*

आता समितीचा किस्सा.

समिती गुरुवारी अकराला येणार होती. बुधवारी संध्याकाळी शीतलचा फोन. "मी येऊन नाही राह्यली, स्नेहल. आई तापानं पडली. कापूस सगळा फुटून लोंबून राह्यला अन् आभाळ भरून आलं. बाबा एकटे काय काय येचतीन?"

"अन् कोर्स?"

ती रडायलाच लागली. "अळीतून वाचला तेवढाच कापूस हाय, बाई. तो भिजला तर काय करू?"

फोन ठेवला आणि ओसरीत येऊन जी सुरू झाले! विद्यापीठात बसलेले म्हातारे, नियम करणारे म्हातारे, चार डोकी मोजायला येणारे म्हातारे, कोणाला ठाऊक तरी आहे का वेचणी कधी असते?

मोठेबाबा कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते. "कायले बोंबलून राह्यली?"

"एक माणूस पाहिजे! उद्या दिवसभर कापूस येचाले, झरीकडं, शीतलच्या पोडावर! हाय का तुमच्याजवळ?"

ते परत सुपारी कातरायला लागले. आमच्या स्वतःच्या वावरात त्या साली वेचायला काही उरलंच नव्हतं. अळीनं बोंडं पोखरली तेव्हा मोठेबाबांनी उभ्या पराटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडांवर, रोटावेटर फिरवला होता. त्या दिवसापासून ते असेच कोपऱ्यात बसायचे.

सकाळी मी उठले तर त्यांची गाडी अंगणात नव्हती. कुठे गेले हा विचारही केला नाही, मी आपली बस पकडायच्या घाईत.

अकरा वाजता समितीचे तिघं येऊन बसले. आम्हीही तिघंच. प्राचार्य घड्याळाकडे बघत चहा पाजत होते, बिस्किटं पुढे करत होते. सव्वाअकराला समितीतल्या साहेबांनी फाईल उघडली. "चौथी विद्यार्थिनी?"

अंकुश म्हणाला, "रस्त्यात हाय, सर." साफ खोटं!

आणि दार ढकलून शीतल आत आली. काळीपिवळी जीपमधून उतरून पळत आलेली, श्वास फुललेला, ओढणीला कापूस चिकटलेला. साहेबांनी प्रश्न विचारले आणि तिनं खडाखडा उत्तरं दिली. अळीचं जीवनचक्र सांगितलं, पोडावरच्या बायका काय म्हणतात तेही सांगितलं. समितीनं चार डोकी मोजली, सह्या केल्या. कोर्स राहिला. दोन्ही डिग्र्या राहिल्या!

बाहेर येताच मी तिचा हात धरला. "आलीस कशी?"

"तुहे मोठेबाबा आलते," ती म्हणाली. "दिवस निघाला तेव्हाच वावरात उभे. पोडाचं नाव इचारत इचारत आले म्हणे. कंबरेले ओटी बांधली, कापूस भराले, अन् मले म्हणाले, 'जाय. तुही ओळ मी धरतो.'"

संध्याकाळी मी बसमधून गावात उतरले तेव्हा मोठेबाबाही नुकतेच पोचले होते. टपरीसमोर गाडी लावून उभे. बोटं बोंडाच्या टोकांनी सोलवटलेली, मिशीत, टोपीत, कानाच्या पाळीवर कापूस.

पारावरच्या म्हाताऱ्यांपैकी एकानं विचारलं, "काहो, दिवसभर दिसले नाही. कुठं गेलते?"

मोठेबाबांनी मिशीतला कापूस काढला, माझ्याकडे पाहिलंही नाही.

"कालेजात गेलतो."