कुणी न ऐकलेलं 'देणं'

चंदीगडच्या सेक्टर सतराहून चंडीमंदिरला जाणाऱ्या बसमध्ये ते बहुतेक रोज माझ्या शेजारी, खिडकीपाशी बसायचे. कॉलेजात रशियन शिकवून निवृत्त झालेले सरदारजी, एवढंच मला माहीत. नाव मी कधी विचारलं नाही. ऑफिस सुटल्यावर बोलायचं त्राणच नसायचं.

ते मात्र डोळे मिटून पुटपुटायचे, "दामि, दासि, दास्ति." मला वाटायचं, जप चाललाय. एकदा न राहवून विचारलंच.

"मैं देता हूँ, तू देता है, वो देता है," ते म्हणाले. रशियन, पोलिश, सर्बियन या सगळ्या भाषांची आई असलेली ही भाषा. "आपके संस्कृत के ददामि की रिश्तेदार है जी." पण तिच्यातलं अक्षरही कुणी लिहून ठेवलेलं नाही. वाफ धरलेल्या काचेवर त्यांनी बोटाने 'दामि' लिहिलं आणि त्याच्या आधी एक छोटा तारा काढला. तारा म्हणजे हा शब्द कुणी ऐकलेला नाही, अंदाजाने उभा केलाय.

ऐकलाच नाही, तर कळला कसा? मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "माँ चली गई, बेटियाँ बोलती रहीं. उन्हीं से पूछा."

त्या संध्याकाळी घरी येऊन सोफ्यावर अंग टाकलं आणि लेकीला म्हटलं, "पाणी दे गं."

"देती हूँ, आई," ती आतून म्हणाली.

एरवी मी लगेच खेकसते, मराठीत बोल म्हणून. त्या दिवशी नुसता तिच्या हातून पेला घेतला. पुढे कधी कुणी शोधलंच, तर तिच्या एवढ्या बोलण्यावरूनही मी सापडेन.