दोन दाण्यांची टिटवी

निवृत्त झाल्यावर दुपारी अंग टाकायला मिळेल, एवढीच सुरेखाची अपेक्षा होती. कन्नडजवळच्या खेड्यातून शिकायला शहरात आलेली, घरातली पहिली बी. ए. झालेली मुलगी ती. पुढे मुलींच्या शाळेच्या ऑफिसात चोवीस वर्षं दाखले लिहिले, मुख्याध्यापिकांची बोलणी खाल्ली, पडेगावहून रिक्षा बदलत गेली-आली. आता गुडघे बोलत होते. पण गेले दोन महिने दुपारचे दोन वाजले की तिची लेक विशाखा सतरंजी अंथरायची आणि हाक मारायची, "आई, ये गं. डाव मांडलाय."

हे खेळणं म्हणजे पोरीचं काम आहे, हे शेजारणींना समजावता समजावता सुरेखा थकली होती. पुण्याची एक लहानशी कंपनी 'रानवाट' नावाचा कार्डांचा खेळ काढते. मुलं पाकिटं विकत घेऊन कार्डं जमवतात, त्यांतून आपापली गड्डी बांधतात आणि एकमेकांशी खेळतात. दर सहा महिन्यांनी त्यात नवी कार्डं येतात. एखादं कार्ड प्रमाणाबाहेर भारी निघालं, तर ते ज्याच्याकडे आहे तोच जिंकत राहतो आणि बाकीची पोरं खेळ सोडून देतात. म्हणून छापण्याआधी प्रत्येक कार्डाची ताकद जोखावी लागते. संख्याशास्त्रात एम. एस्सी. झालेली विशाखा ते जोखायची. तेही तीन-तीन महिन्यांच्या करारावर.

नवी कार्डं छापलेली नसायचीच. जुन्या पत्त्यावर कागदाची चिठ्ठी ठेवायची आणि दोन्ही मिळून प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवायचं, की झालं कार्ड. प्रत्येक पाळीला दोन दाणे मिळायचे आणि ते खर्चून कार्ड टाकायचं. उंदीर एका दाण्याचा, ससा दोन दाण्यांचा, बिबट्या सहा दाण्यांचा. म्हणजे बिबट्या उतरवायचा तर तीन पाळ्यांचे दाणे साठवत, मार खात बसावं लागायचं.

कंपनीचा एक नियम होता. निम्मे डाव खेळात मुरलेल्या लोकांनी खेळायचे आणि निम्मे घरच्या साध्या माणसाबरोबर, कारण खेळ शेवटी घरांतच जाणार. जे कार्ड जोखायचं ते घरच्या माणसाच्या गड्डीत घालायचं, पण कोणतं ते त्याला सांगायचं नाही. सांगितलं की तो त्याच्याकडेच बघत खेळतो. सुरेखाला सांगितलं होतं ते एवढंच : मनापासून खेळ.

तिचं मन मात्र खेळात नसायचंच. ते समोर बसलेल्या पोरीच्या चेहऱ्यावर असायचं. आधीच्या नोकरीत विशाखा चौदा-चौदा तास बसायची, आणि गेल्या वर्षी घरी परतली ती पार वाळून. झोप नाही, पित्त, जरा काही विचारलं की डोळ्यांत पाणी. आता कुठे गाडी रुळावर येत होती. डाव हरली की ती ओठ आवळून वहीत लिहायची आणि संध्याकाळभर गप्प असायची. जिंकली की निदान चार शब्द बोलायची. सुरेखाला ते चार शब्द हवे असायचे.

शुक्रवारी संध्याकाळी ती कणीक मळत असताना विशाखा स्वयंपाकघरात आली. कितीतरी दिवसांनी पोर हसत होती.

"आई, टिटवी पास झाली!"

"कोणती टिटवी?"

"अगं, तुझ्या गड्डीतली. आता सांगायला हरकत नाही. तिचीच परीक्षा होती."

टिटवी दोन दाण्यांची. ती टाकली की समोरच्यानं शेवटचं टाकलेलं कार्ड उठून परत त्याच्या हातात जायचं, त्याचे दाणे मात्र गेले ते गेलेच.

"पुण्यात सगळे म्हणत होते, ही लई भारी आहे, तीन दाण्यांची करा," विशाखा सांगत होती. "मी एकटी अडून बसले. म्हटलं, तुम्ही मुरलेले लोक. घरच्या माणसाच्या हातात बघा. चाळीस डावांत तू एकोणीस जिंकलीस. अगदी तोलात! विश्वजीत सर म्हणाले, ठीक आहे, तुझ्या शब्दावर दोन दाण्यांचीच छापतो. सोमवारी सकाळी छपाईला जाणार. आणि पुढच्या महिन्यापासून तुला कायम करायचं बघतो, असंही म्हणाले."

सुरेखाचे हात कणकेत तसेच राहिले.

टिटवी तिच्या हातात कितीदा तरी आली होती. तिनं ती उंदरावर टाकली होती, सशावर टाकली होती. बिबट्यावर एकदाही नाही. तीन पाळ्या मार खाऊन पोरीनं बिबट्या उतरवावा, जरा सैलावून बसावं, आणि आपण दोन दाण्यांत तो उचलायला लावावा? तिच्या जिवावर यायचं. मग टिटवी हातातच राहायची आणि ती दुसरं काहीतरी टाकायची. त्यात आपण काही गैर करतोय असं तिला कधी वाटलंच नव्हतं. ताटातला चांगला घास पोरीकडे सरकवावा, तसंच ते.

शनिवारी दुपारी सतरंजी तिनंच अंथरली.

"आता कशाला? काम संपलं की," विशाखा म्हणाली.

"बस तर खरी. टिटवी माझ्याकडेच राहू दे."

पहिल्या डावात बिबट्या उतरला तसा सुरेखानं त्यावर टिटवी टाकली. विशाखा हसली, "अरे वा, आई!" दुसऱ्या डावात पुन्हा तेच झालं. तिसऱ्यात बिबट्या दोनदा उचलावा लागला. चौथा डाव हरल्यावर विशाखानं हातातली कार्डं खाली ठेवली.

"आई, हे तू आधी कधीच केलं नाहीस."

"नाही केलं."

"सुचलं नव्हतं?"

"सुचायचं गं. तू हरशील म्हणून टाकत नव्हते."

"मला जिंकू देत होतीस? मी काय पाच वर्षांची आहे?"

"तू जेवत नव्हतीस, विशू."

"तू खेळलीच नाहीस, आई! चाळीस डाव माझी समजूत काढत बसलीस. आणि मी तिकडे ठासून सांगितलं, माझी आकडेवारी पक्की आहे म्हणून!"

सुरेखानं विखुरलेली कार्डं गोळा केली. मग म्हणाली, "सोमवारच्या आत सांगून टाक. छापल्यावर कळलं तर तुझ्यावर येईल."

"आत्ताही माझ्यावरच येणार आहे."

तरी तिनं फोन लावला, स्पीकरवर. विश्वजीत सरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, ते सुरेखाला जास्त लागलं. "हात राखून खेळलेल्या माणसाचे डाव पुन्हा धरता येत नाहीत," ते म्हणाले. "काकूंना बसवू नकोस. घरात दुसरं कोणी?"

"पप्पा. शिफ्ट संपवून येतीलच."

"ते हात राखतील?"

"पप्पा? कॅरममध्ये त्यांनी मला आजवर राणी सोडलेली नाही."

"मग सोमवारी नऊच्या आत चाळीस डाव पाठव."

"सर, ते कायम करण्याचं..."

"आधी हे होऊ दे."

सुरेखाचा नवरा राजकुमार वाळूजच्या कारखान्यातून आला, तोंड धुऊन सतरंजीवर बसला. नियम ऐकून म्हणाला, "म्हणजे मला फक्त जिंकायचंय? लई सोपं काम दिलं की!" कोणतं कार्ड जोखायचंय ते त्याला कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. दुसऱ्याच डावात त्यानं बिबट्यासमोर टिटवी ठेवली आणि बोटानं खुणावलं, "उचल."

विशाखानं वही आईकडे दिली. "तू लिही. तेवढं चालतं."

सुरेखा लिहीत गेली. शनिवारी दहा डाव, रविवारी सकाळी बारा. जेवणं उभ्या उभ्या झाली. "उचल, बाई, उचल," राजकुमार म्हणायचा, आणि पोर मुकाट्यानं कार्ड उचलायची. सुरेखा खाली मान घालून पुढचा आकडा टाकायची. पंचविसाव्या डावाला एकदाच तिच्या तोंडून गेलं, "अहो, जरा दमानं."

"आई!" विशाखा ओरडली. "एक शब्द बोलू नकोस."

रविवारी दिवेलागणीला चाळीस डाव पुरे झाले. राजकुमारनं एकोणतीस जिंकले होते. टिटवी तीन दाण्यांचीच व्हायला हवी होती. पुणेवाले बरोबर होते. विशाखानं लॅपटॉप मांडीवर घेतला. 'माझा शुक्रवारचा निष्कर्ष चुकीचा होता', तिनं पहिलं वाक्य लिहिलं.

"कारण लिहिलंस का?" सुरेखानं विचारलं.

"लिहिलं. घरचा खेळाडू निवडताना चूक झाली."

"माझं नाव घाल. तुझी कसली चूक?"

"निवड माझी होती, आई." तिनं अहवाल पाठवून दिला. उत्तर सोमवारीच येणार होतं.

"अजून एक मांडायचा का?" राजकुमारनं विचारलं. विशाखानं लॅपटॉप मिटला, तसा तो उठून बाहेर गेला. विशाखा सतरंजीवरच आडवी झाली, कार्डांसकट. सुरेखानं तिच्या पाठीखाली अडकलेली दोन-तीन कार्डं हळूच ओढून काढली, कोणती ते न बघता गड्डीत सरकवली आणि तीही तिथंच भिंतीला टेकून बसली.