जो एप्रन धुता येत नाही

"ताई, ठेवा तो. हात नका लावू. तो धुता येत नाही."

एक्स-रेवाले भाऊ सगळ्यांसमोर बोलले. एप्रन खुंटीवरून खाली पडला होता. शिशाचा, जड. मी झाडू बाजूला ठेवून तो नुसता उचलला होता. डॉक्टरसाहेबांची भाची आजपासून काम शिकायला आली होती. भाऊंनी माझ्या हातातून एप्रन घेतला, पंच्याने पुसला आणि तिच्या अंगावर चढवला.

"मैडम, इसके बिना अंदर मत रुकना. किरणें हैं. औरतों को तो बिल्कुल नहीं."

मी तिथेच उभी होते.

आठ वर्षं मी त्या खोलीत आया. रडणारी पोरं टेबलावर दाबून धरायचं काम माझं. भाऊ भिंतीमागे जायचे, मी आत. एकदा विचारलं होतं. म्हणाले, "फोटोच तर आहे ताई. फोटोनं काय होतं?"

मी मानलं. उज्जैनमध्ये आपल्या बोलीत ताई म्हणणारं दुसरं कोण होतं मला? मला नोकरीला त्यांनीच लावलं. दर भाऊबीजेला मी त्यांना ओवाळायचे. ते दारात उभे राहूनच ओवाळून घ्यायचे. पाणीसुद्धा नाही प्यायचे. म्हणायचे, पित्त झालंय. मी म्हणायचे, बिचाऱ्यांना दर दिवाळीला पित्त होतं.

माझी दोन मुलं पोटातच गेली. त्या खोलीमुळे गेली का, मला माहीत नाही. कुणी सांगणारही नाही. पण किरणं वाईट, हे भाऊंना माहीत होतं. मला तिसरा महिना लागलाय, हेही.

दुपारी भैरवगढच्या कापड छापणाऱ्याची मुलगी आली. हात मोडलेला, बोटांना अजून लाल रंग. किंचाळत होती.

"ताई, धरा हिला."

"आधी एप्रन," मी म्हटलं. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. म्हणून पुन्हा म्हटलं.

भाऊ हसले. "अरे वा! आता तुम्ही पण मैडम?"

भाची आपल्या नखांकडे बघत राहिली. मी तिच्यासमोर हात पुढे केला. तो खाली घेतला नाही. मुलगी रडत होती, तिची आई दारातून बघत होती. शेवटी भाचीने एप्रन काढून दिला आणि भाऊंच्या मागोमाग भिंतीआड गेली.

मी तो घातला. खांद्यावर ओझं आलं. मुलीला धरलं, "बस, हो गया बेटा" म्हटलं. फोटो साफ आला.

संध्याकाळी एप्रन खुंटीवर नव्हता. कोपऱ्यात, माझ्या झाडूशेजारी टाकलेला होता. मी उचलला आणि त्याच खुंटीला परत लावला.

चौथीपर्यंतच शिकले, पण एवढं लिहिता येतं. उद्या परत जाणार. एप्रनशिवाय कुठल्याही पोराला हात लावणार नाही. कामावरून काढलं तर काढू देत. आणि यंदा भाऊबीजेचं ताट मी करणार नाही.